हॉल शोभून दिसायला कर्ज कशाला काढायचं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीचं पान येतं ते मी नेमाने वाचते, फोटो फार सुंदर असतात त्यात वादच नाही, पण ते फोटो बघून आमच्या भागातली माणसं काय काय करून बसतात ते मला सारखं दिसतं म्हणून हे पत्र लिहायला बसले. मी अमळनेरला पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांचे अभ्रे शिवते. माप घ्यायला घरोघरी जावं लागतं, त्यामुळे अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा इकडचे कितीतरी हॉल मी आतून बघितलेत, मोठ्या बंगल्यांचे पण आणि दोन खोल्यांच्या घरांचे पण. मला सांगायचंय ते एवढंच की थोड्या पैशात हॉल देखणा होतो, त्याला लागणारं सामान आणि काम करणारे हात दोन्ही आपल्या खान्देशातच आहेत, फक्त सुरुवात नवीन आणण्यापासून करायची नाही, आहे ते काढण्यापासून करायची.

आमच्याकडे हॉलला हात लागतो तो दोन वेळी. एक कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या, सणाआधी, आणि दुसरं घरात लग्नाचं पोरगं-पोरगी असली की. कानबाई श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी बसते, तिच्या आधी घर रंगवायचं, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण सगळं धुऊन काढायचं ही रीत आहे आणि मला ती फार आवडते, कारण त्या निमित्ताने घरातली एकेक वस्तू उचलली जाते नि ही कशाला ठेवलीय असा प्रश्न तरी पडतो. लग्नाच्या वेळचं मात्र वेगळं असतं. पाहुणे बघायला येणार, हॉल कसा दिसेल, लोक काय म्हणतील, ह्या धसक्याने माणसं सोनं गहाण ठेवून पीओपी करून घेतात. माझ्या माहितीतल्या एका घरी बारा बाय दहाचा हॉल, त्यात वरती पीओपीची दोन पायऱ्यांची सीलिंग, सीलिंगमध्ये निळे-जांभळे लाईट, एका भिंतीला पीव्हीसीचे पॅनल, एल आकाराचा रेक्झिनचा सोफा, काचेचा सेंटर टेबल, टीव्हीखाली भलंमोठं युनिट, आणि एवढं सगळं झाल्यावर मुलाकडची आजी आली ती दारातच उभी राहून विचारते, "बसाले जागा कोठे शे व माय?" आजींनी काही वाईट हेतूने विचारलं नव्हतं, त्यांना गुडघ्यांमुळे खाली वाकून सोफ्यात बसता येत नव्हतं आणि टेबल-सोफ्याच्या मधून जायला वाटच नव्हती. त्या घरचे हप्ते अजून चालू आहेत. मला हे बघून फार वाईट वाटतं, कारण त्या खोलीला मुळात कमी होती ती मोकळ्या जागेची आणि नीट उजेडाची, ह्या दोन गोष्टी जवळजवळ फुकट मिळतात.

पुरवणीतले हॉल बहुतेक मुंबई-पुण्याच्या फ्लॅटचे असतात. तिथे मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसत नाही. आपल्याकडे जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा तिथली नक्कल इथे चालत नाही हो. रेक्झिनचा सोफा एप्रिल-मेमध्ये अंगाला चिकटतो, दोन-तीन उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात नि पापुद्रे निघायला लागतात, मग लोक माझ्याकडे येतात की ताई यावर कव्हर शिवून द्या. म्हणजे आधी चकाकी दिसावी म्हणून पैसे द्यायचे आणि मग ती झाकायला परत पैसे द्यायचे. पीओपीचं पण तसंच, दहा फुटाचा स्लॅब असला तर सीलिंगमुळे चांगला अर्धा-पाऊण फूट जातो, पंखा छताला चिकटल्यासारखा होतो. पंखा आणि छत यांच्यात फूटभर तरी अंतर पाहिजे, नाहीतर त्याला वरून हवा ओढता येत नाही आणि खाली वारा कमी लागतो. वर पोकळी झाली की पाली नि कोळ्यांची सोय होते ते वेगळंच. पीव्हीसी पॅनलबद्दल तर माझं ठाम मत आहे, ज्या भिंतीला ओल आहे ती झाकायला पॅनल लावू नये, आतल्या आत ओल वाढत जाते नि एक दिवस प्लास्टरच सुटून येतं. आधी ओल कुठून येते ती शोधा, गच्चीवरून, बाथरूमच्या नळातून, की बाहेरच्या गटारीतून, ते बंद करा, मग भिंतीच्या शोभेचं बघू.

आणखी एक गोष्ट तुमच्या पानावर कधीच येत नाही ती म्हणजे कापूस. शेतकऱ्याच्या घरात दिवाळीपासून पुढे कापूस घरातच भरलेला असतो, भाव वाढेल म्हणून थांबलेले असतात लोक, आणि जागा कुठली तर हीच पुढची खोली. कुणाकडे अर्धी खोली भरते, कुणाकडे छतापर्यंत. अशा घरात पाचशे किलोचा सोफा नेऊन काय करायचं? त्यांना पाहिजे असं सामान की जे दोन माणसं उचलून आतल्या खोलीत नेतील, कापूस गेला की परत मांडतील. म्हणून मी अशा घरी सांगते की दिवाण घ्या, बाज घ्या, वेताच्या नाहीतर लोखंडी हलक्या खुर्च्या घ्या, सोफासेट राहू द्या. कापूस निघून गेल्यावर भिंती झटकून, पुसून घ्यायच्या, कारण त्याची बारीक धूळ सगळीकडे बसते आणि अंगाला खाज सुटते, आणि त्याच कारणाने अशा घरात वेल्व्हेटचे पडदे किंवा लांब केसांचे गालिचे कुणी घेऊ नयेत.

आता काढण्याबद्दल. हॉलमध्ये उभं राहून एकदा डोळे फिरवा. शोकेसमध्ये काय असतं? लग्नात आलेले काचेचे ग्लास, प्लॅस्टिकची फुलं, पोराच्या पाचवीतल्या ट्रॉफ्या, फिरायला गेलो तेव्हा आणलेले शंख, बॅटरी गेलेलं घड्याळ, तीन-चार बाहुल्या पिशवीसकट. एकेक वस्तू आवडीची असते ते मला कळतं, टाकून द्या असं मी कधीच सांगत नाही. पण सगळ्या एकदम बाहेर असल्या की एकही दिसत नाही. चार ठेवा, बाकीच्या ट्रंकेत ठेवा, सणाला बदला. कॅलेंडरं चार-चार असतात, बँकेचं, किराणा दुकानाचं, सोनाराचं, पतपेढीचं, त्यातलं एक ठेवा नि तेही स्वयंपाकघरात. टीव्हीच्या, डिश-वायफायच्या वायरी लोंबत असतात त्यांना केसिंग पट्टी लावून घ्या, इलेक्ट्रिकवाला तासाभरात लावून देतो, खर्च नावालाच होतो आणि खोली एकदम नीटनेटकी दिसायला लागते. मला विचाराल तर सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक ह्या वायरींनी पडतो. मग सोफा, खुर्च्या सगळ्या भिंतीला चिकटवून रांगेत लावायची जी सवय आहे ना, ती सोडा. समोरासमोर किंवा काटकोनात बसतील अशा ठेवा, माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतील आणि मधून जायला अडीच फुटाची वाट मोकळी राहील.

भिंतीचं सांगते. आपली काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात, हे खान्देशातल्या घराघरात आहे. लोक म्हणतात तडे दिसू नयेत म्हणून वॉलपेपर लावू, टेक्श्चर करू. बारीक केसासारखे तडे असतील तर खरडून पुट्टी भरली की भागतं. बोट जाईल एवढा तडा असेल, किंवा जिन्यासारखा तिरका चढत गेलेला असेल तर आधी चांगल्या गवंड्याला दाखवा, तिथे रंगावर पैसे घालवू नका. रंगाचा हिशोब पण लोकांना कुणी सांगत नाही. बारा बाय दहाचा, दहा फूट उंचीचा हॉल धरला तर चारी भिंती मिळून चारशे चाळीस चौरस फूट होतात, दारं-खिडक्या वजा जाता तीनशे ऐंशीच्या आसपास, आणि इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात मारून शंभर चौरस फुटाच्या वर भिंत होते, म्हणजे चार लिटरचा डबा पुरतो. हे माहीत असलं की दुकानात कुणी दहा लिटरचा डबा गळ्यात मारणार नाही. त्याहून कमी पैशात करायचं तर डिस्टेंपर आहे, फक्त जुना चुना नीट खरडून काढल्याशिवाय त्यावर काही मारू नका, पापुद्रे सुटतात.

रंग कुठला? मरून, जांभळा, पोपटी अशा एका भिंतीची फॅशन आलीय, हायलाइट वॉल म्हणतात, पण लहान खोलीत आणि कमी खिडक्या असल्या तर ती भिंत सगळा उजेड खाऊन टाकते. मी सांगते की मळखाऊ पांढरा घ्या, साईच्या रंगाचा, आणि खाली तीन फूट गेरूचा पट्टा घ्या. आपल्या जुन्या घरांना, धाब्याच्या म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांना हा पट्टा असायचाच, आणि तो उगीच नव्हता, भिंतीला टेकून बसलं की पाठीचे-डोक्याचे तेलकट डाग पडतात ते त्यात दिसत नाहीत, फरशी पुसताना उडालेलं पाणीही दिसत नाही. गेरू लावायचा नसेल तर त्याच रंगाचं इमल्शन दुकानात मशीनवर बनवून मिळतं. आणि गेरूला कुणी गावठी म्हणू नये, जळगावपासून तास-दीड तासावर अजिंठा आहे, तिथल्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती, चुना, काजळी असेच रंग जास्त करून वापरले नि त्यांच्याकडे बघायला जगभरातून माणसं येतात, आपल्या स्टेशनवर उतरून जातात.

उजेडाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. हॉलमध्ये एकच पांढरीशुभ्र ट्यूब, बरोबर टीव्हीच्या वर, तिच्याखाली माणसाचा चेहरा पण आजारी दिसतो. एलईडीच्या खोक्यावर आकडा लिहिलेला असतो, ६५०० के म्हणजे ती निळसर पांढरी, ३००० किंवा २७०० के म्हणजे पिवळसर, संध्याकाळच्या उन्हासारखी. पोरांच्या अभ्यासाला ट्यूब राहू द्या, पण पाहुणे आले, जेवणं झाली, गप्पा मारायच्या आहेत तेव्हा कोपऱ्यात पिवळ्या उजेडाचे नऊ वॅटचे दोन बल्ब लावा. एक उभ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक दिवाणाच्या बाजूला खाली. बुरुडाकडून बांबूची डाली किंवा टोपली घेतली, तळाला भोक पाडून होल्डर घातला की शंभर-दीडशे रुपयात जी शेड होते ती मॉलमधल्या हजार रुपयांच्या शेडपेक्षा मला तरी जास्त आवडते, भिंतीवर तिच्या विणीची सावली पडते ती काय सुंदर दिसते! एलईडी फार तापत नाही म्हणून हे चालतं, जुना शंभरचा बल्ब चुकूनही त्यात लावू नका, आणि एलईडी असला तरी बांबूपासून चार बोटं लांब राहील असा लावा.

आता माझा विषय, पडदे, इथे जरा जास्त लिहिणार आहे. हॉलमध्ये पडद्याएवढं मोठं कापड दुसरं कुठलंच नसतं, म्हणून पडदा चुकला की खोली चुकते. पहिली चूक रॉडची. खिडकीच्या चौकटीवरच रॉड ठोकतात आणि पडदा खिडकीएवढाच, त्याने खिडकी आखूड नि खोली बसकी दिसते. रॉड चौकटीच्या सहा-आठ इंच वर घ्या, दोन्ही बाजूंनी आठ-दहा इंच बाहेर काढा, पडदा उघडला की तो भिंतीवर जाऊन बसतो आणि सगळी काच मोकळी होते, उजेडही जास्त येतो, खिडकी मोठी वाटते. पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर संपला पाहिजे, मधेच गुडघ्याएवढा लोंबता ठेवू नये, खाली बेड किंवा दिवाण असला तरच आखूड. दुसरी चूक कापडाची. रॉडच्या लांबीच्या दुप्पट कापड लागतं, तेव्हा चुण्या पडतात. लोक पैसे वाचवायला सव्वापट घेतात नि महागातलं घेतात, तो पडदा ओढला की चादर ताणून बांधल्यासारखा दिसतो. माझं म्हणणं उलटं आहे, कापड स्वस्तातलं घ्या पण भरपूर घ्या. चार फुटी खिडकी असली, रॉड साडेपाच फुटाचा झाला, तर अकरा फूट रुंदी पाहिजे, म्हणजे चव्वेचाळीस इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) कापडाचे तीन पाट, म्हणजे उभे तुकडे, उंची साडेसात फूट धरली तर शिलाई-दुमडीसकट एकेक पाट अडीच मीटरचा, सगळं मिळून साडेसात मीटर. एवढा हिशोब कागदावर लिहून दुकानात जा.

आणि कापड कुठलं तर मांजरपाट. कोरं, साईच्या रंगाचं, सुती. मला कळत नाही आपण कापूस पिकवणारी माणसं, अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खान्देश मिल ह्यांची नावं सांगणारी म्हातारी माणसं अजून घरात आहेत, आणि आपल्या खिडक्यांना मात्र चकचकीत पॉलिस्टर! मांजरपाट उन्हात सळसळतो, वारा आत येऊ देतो, धुतला की अजून मऊ होतो. फक्त कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या, कोरं सुती कापड मीटरमागे दोन-तीन इंच आटतं, तेवढं वरच्या हिशोबाहून जास्त घ्या, न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यात पडदा वर जातो. पश्चिमेची खिडकी असेल तर मागून पांढरं अस्तर लावा, ऊन बाहेरच्या बाहेर परततं आणि पुढचं कापड विटत नाही. अगदीच साधं वाटलं तर खालच्या बाजूला जुन्या लुगड्याचा, इरकलीचा काठ लावा चार इंचाचा. मी असे कितीतरी पडदे शिवून दिलेत, आजीच्या लुगड्याचा काठ आहे म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांना तो पडदा आपला वाटतो, आणि पाहुणे हटकून हात लावून बघतात. एक सांगते, काठ लावण्याआधी त्याचा रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून बघायचं.

लाकडी सामानाचं थोडक्यात. आपल्या भागात जुनं सागवान अजून घराघरात पडून आहे, वाडा पाडला, धाब्याचं घर उतरवलं की तुळया, दारं, जुने दिवाण, पेट्या भंगारात नाहीतर जळणात जातात आणि त्याच पैशात भुशाच्या बोर्डाचं युनिट येतं, जे पाणी लागलं की फुगतं नि स्क्रू धरत नाही. कृपा करून असं करू नका. आजोबांची पेटी असेल तर सुताराकडून काच पेपर मारून घ्या, आधी जाड, मग बारीक, आणि चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ पातळ हात मारा. त्या पेटीचा सेंटर टेबल होतो, आत रजया राहतात. लाखेच्या पॉलिशवर गरम चहाचा कप ठेवला की पांढरा डाग पडतो, तेवढं बशी किंवा विणलेला रुमाल ठेवायचं लक्षात ठेवा. सोफा असेल आणि सांगाडा भक्कम असेल तर नवीन घेण्याआधी गाद्या बदलून बघा, फोम घेताना डेन्सिटी विचारा, बसायच्या गादीला ३२च्या खाली नको, ४० असेल तर जास्त टिकेल. दिवाणाला तर फोम नकोच, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून गादी भरून घ्या, उन्हाळ्यात तिच्यासारखं सुख नाही. वर आईच्या हातची गोधडी घडी करून पायाशी टाका. गोधड्या आपण पाहुणे आले की लपवतो, का लपवतो? एकेका टाक्यात किती मेहनत असते, मी शिवणारी बाई आहे मला ती दिसते.

खाली अंथरायला गालिचाच पाहिजे असंही नाही. जळगावच्या एमआयडीसीत चटया बनतात, इथून त्या देशभर आणि बाहेरही जातात, आणि जळगावकर मात्र त्या फक्त गच्चीवर झोपायला नाहीतर वाळवणाला वापरतात. दोन रंगांची, शांत नक्षीची मोठी चटई सोफ्यापुढे घाला, धुळीच्या दिवसात ओट्यावर नेऊन पाईप मारला की स्वच्छ. चटई एवढी मोठी घ्या की सोफ्याचे पुढचे पाय तिच्यावर येतील, मधोमध रुमालाएवढी ठेवली की बरी दिसत नाही.

आता कुणी म्हणेल की बांबू, चटई, गेरू, मांजरपाट हे सगळं गरिबीचं दिसेल. त्यांना मी फैजपूरची आठवण देते. १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन आपल्या यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं होतं, पंडित नेहरू अध्यक्ष होते, खेडेगावात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. त्याच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं आणि अट घातली की गावात मिळणारं सामान आणि गावातल्या कारागिरांचे हात वापरायचे. एवढ्या मोठ्या चित्रकाराने बांबू आणि गवत अशा साध्या सामानातून सगळं उभं केलं. देशातली मोठमोठी माणसं तिथे येऊन बसली, कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही. हे आपल्याच केळीच्या पट्ट्यात घडलंय, आणि आपणच आपल्या बुरुडाकडून फक्त लग्नातली सुपं-टोपल्या घेतो, नवापूर-धडगावकडच्या बाजारात बांबूचं किती सुबक काम येतं ते आपल्या हॉलमध्ये पोचतच नाही.

राहिलं किरकोळ. फोटो पार छताजवळ लावू नका, फोटोचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर येईल, साधारण पाच फुटावर, असा लावा. घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो असतील तर सगळ्यांना एकसारख्या साध्या फ्रेम करून एकाच भिंतीवर मानाने लावा, प्लॅस्टिकचे हार वर्षानुवर्षं धूळ खात ठेवण्यापेक्षा तिथीला ताजा हार घाला. पितळेचं घंगाळ, समई मोडीत देऊ नका, चिंच-मिठाने घासून एखादी वस्तू दाराजवळ ठेवा. मनीप्लांट बाटलीत, कुंभाराच्या कुंडीत एखादं झाड, बस.

संपादक साहेब, माझी एक विनंती आहे. तुमच्या पानावर महिन्यातून एकदा तरी आपल्या भागातल्या घराचा हॉल दाखवा, कमी खर्चात केलेला, शेतकऱ्याचा, रेल्वेतल्या माणसाचा, शिक्षकाचा, भाड्याच्या दोन खोल्यांतला. त्यात किती पैसे लागले ते खरं खरं छापा, कुठला रंग, किती लिटर, किती मीटर कापड, सुताराने किती घेतले. आणि बुरूड, कुंभार, पिंजारी, जुनं लाकूड दुरुस्त करणारे सुतार कुठल्या गावच्या आठवडे बाजारात बसतात ते पण त्यासोबत येऊ द्या, कारण लोकांना ते सापडत नाहीत म्हणून लोक हप्त्यावर बोर्डाचं युनिट घेतात, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून त्यांची पोरं कंपनीत हेल्पर म्हणून जातात. कानबाईच्या महिनाभर आधी पहिलं पान काढलं तर फार बरं होईल, तेव्हा घरोघरी रंगाची बोलणी चालू असतात आणि लग्नाची कर्जं काढायलाही अजून वेळ असतो. मापं, कापडाचा हिशोब, शिलाईची माहिती लागली तर मी लिहून द्यायला तयार आहे, त्याचे मला काही पैसे नकोत.

आपली नेहमीची वाचक,
पडदे शिवणारी एक ताई, अमळनेर